ठासणीच्या बंदुकीची धुलाई : आधीं पाणी, मग तेल

भाद्रपद सरत आला कीं शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील डोंगरालगतच्या गांवीं रात्रींची राखण सुरू होते. हळवें भात निसवून दाणा भरूं लागतें, आणि डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूस जंगलाच्या कडेला ज्यांचीं खाचरें आहेत त्यांस रानडुकरांचा उपद्रव काय असतो हें सांगावयास नको. अशांपैकीं ज्यांच्या घरीं पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांच्यासाठीं हा लेख आहे. बंदूक कशी उडवावी हें त्यांस ठाऊकच आहे. उडविल्यावर तिचें काय करावें याविषयीं मात्र बरेंच अज्ञान आमच्या पाहण्यांत आलें, आणि अज्ञानी जनांत आम्हीही होतों.

आमच्या घरीं एक वडिलार्जित बंदूक होती. आमचे आजे बार काढल्या रात्रींच चुलीवर आधण ठेवीत आणि नळी धुऊन झाल्यावरच अंथरुणावर पडत. लोखंडांत पाणी ओतणें हा आम्हांस निव्वळ अडाणीपणा वाटे. कारभार आमच्या हातीं आल्यावर आम्हीं पाणी बंद केलें आणि शिलाईयंत्राचें उत्तम तेल आणविलें. बार काढावा, तेलाची चिंधी दोनदां नळींत फिरवावी, बंदूक खुंटीस लावावी. बाहेरून ती आरशासारखी चमके. दिवाळीनंतर एके दिवशीं गज आंत घातला तो तळाशीं अडखळूं लागला. ज्यावर टोपी बसते तो निपल फिरेना. कारागिरानें नळीचें बूड काढून ती उजेडाकडे धरली, तेव्हां आंत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. हिच्यांत पुन्हां दारू ठासूं नका, असें त्यानें बजावून सांगितलें. तीन पिढ्यांची बंदूक एका पावसाळ्यांत गेली, आणि ती आम्हीं तेल लावून घालविली.

असें कां झालें तें समजून घेण्यासारखें आहे. काळी दारू म्हणजे सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक. ती सगळीच धूर होऊन जात नाहीं. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर घन क्षारांच्या रूपानें उरतो. त्यांतला कांहीं धुराबरोबर उडतो, बाकीचा नळीच्या अंगास कीट होऊन चिकटतो. या कीटांत पोटॅशियम कार्बोनेट असतें, म्हणजे चुलीच्या राखेंतला क्षार. तो हवेंतली ओल ओढून घेतो. जुन्या तऱ्हेच्या टोप्यांची गोष्ट याहून वाईट. त्यांच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असतें, आणि तें जळून पोटॅशियम क्लोराइड उरतें. आमच्या वाचकांस हा पदार्थ परका नाहीं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून आपण जें खत शेतांत टाकतों तेंच हें. पत्र्याच्या डब्यांत राहिलेलें म्युरेट पावसाळ्यांत डब्याचें बूड कसें खातें तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याची पातळ पुटी नळीच्या आंत बसवून वर आपण तेल लावतों.

मीठ तेलांत विरघळत नाहीं, हें घरांतल्या बायका आपणांहून अधिक जाणतात. रॉकेलांतही तें विरघळत नाहीं. तेलानें कीट निघत नाहीं, झांकला मात्र जातो, आणि खालीं त्याचें काम चालूच राहतें. १९२२ सालीं अमेरिकेच्या खाणखात्यांतील हफ नांवाच्या रसायनज्ञानें लष्करी बंदुकींत तेलाखालीं चढणाऱ्या गंजाचें हेंच कारण दाखवून दिलें : टोपींतल्या क्लोरेटापासून उरलेला क्षार. .३०३ रायफल वापरणारे शिपाई नळींत आधणाचें पाणी ओतीत, तें याचसाठीं. अमेरिकन सैन्याची गॅरंड ही आपोआप भरणारी रायफल १९३६ सालीं आली. तिच्यांत प्रत्येक बाराचा थोडा वायु दट्ट्याकडे वळविलेला असल्यामुळें तेथेंही क्षार बसे, आणि नळीबरोबर तो भागही पुसावा लागे. असलीं हत्यारें शेतकऱ्याच्या परवान्यांत येत नाहींत. पीकरक्षणास ठासणीची बंदूक पुरेशी आहे असें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास वाटल्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानें तो तिचाच परवाना देऊं शकतो. परंतु न्याय एकच.

धुण्यापूर्वीं बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. टोपी काढावी, गज आंत सोडावा, आणि रिकाम्या नळींत तो जेथवर जातो तेथें पूर्वीं केलेली खूण तोंडाशीं जुळते कीं नाहीं तें पाहावें. खूण वर राहिली तर आंत बार आहे, तेथेंच थांबावें. नळी दस्त्यापासून सुटत असल्यास सोडवावी, निपल काढावा, आणि नळीचें बूड कोमट पाण्याच्या बादलींत उभें करावें. गजास घट्ट चिंधी गुंडाळून वरखालीं केलें म्हणजे निपलाच्या भोंकांतून पाणी आंत ओढलें जातें व काळें होऊन बाहेर पडतें. पाणी दोनतीनदां बदलावें. शेवटीं, हात भाजूं नये म्हणून नळी फडक्यानें धरून, एक तांब्याभर आधण ओतावें. तापलेली नळी आपली आपणच वाळते. थंड पाण्यानें धुतल्यास कोपऱ्यांत ओल राहते. लगेच कोरड्या चिंध्या फिरवाव्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. तेल त्यानंतर, अगदीं पातळ. खोबरेल किंवा तिळेल कालांतरानें चिकट होतें, म्हणून खनिज तेलच बरें. निपल वेगळा धुवावा, त्याचें छिद्र बारीक तारेनें मोकळें करावें. तिसऱ्या दिवशीं पुन्हां पांढरी चिंधी घालून पाहावी. तांबूस निघाली तर सारें काम पहिल्यापासून करावें.

हा खटाटोप केवळ बंदूक टिकावी म्हणून नव्हे. खड्डे पडलेल्या नळींत बार उडाल्यावर एखादी ठिणगी दडून राहते, आणि दुसऱ्या बाराची दारू ओततांना ती पेटून हात जातो. गंजानें कुरतडलेली नळी फुटूंही शकते. बार भरून बंदूक आठवडेच्या आठवडे माळ्यावर ठेवण्याची कित्येकांची संवय तर आम्हांस अतिशय नापसंत आहे. ओल धरलेली दारू वेळेवर पेटत नाहीं, आणि घरांतल्या पोरांना बंदूक भरलेली आहे हें ठाऊक नसतें.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें वनखात्याच्या परवानगीवांचून डुक्कर मारतां येत नाहीं, आणि तानसा अभयारण्यांत वा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या परवानेदारानें बंदुकीची नोंद वन्यजीव अधिकाऱ्याकडे करावयाची असते, हें येथें सांगून ठेवतों. निवडणुकीच्या वेळीं बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम झाला, तर ती न धुतां देऊं नये. तेथें ती महिना दोन महिने पडून राहणार, आणि परत आल्यावर गंजाचा दोष देण्यास दुसरा कोणी मिळणार नाहीं.