मातीचा जमाखर्च

रोहिणी सरून मृग लागला, की देगलूरच्या मोंढ्यात खतांच्या दुकानांपुढे गर्दी जमते. युरिया आला काय, डीएपी केव्हा येणार, एकाला किती पोती मिळणार, याच गोष्टी चार दिवस सर्वांच्या तोंडी असतात. नोकरी-व्यवसाय करणारा शहरातील गृहस्थ ही गर्दी पाहतो आणि हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे, असे म्हणून पुढे जातो. आमच्या मते हा प्रश्न शहराचाही तितकाच आहे. मराठी, तेलुगू व कानडी या तिन्ही भाषा ज्या गावच्या बाजारात ऐकू येतात, ते हे गाव लेंडी-मांजरेच्या खोऱ्यातील काळ्या मातीवर जगते. कापडाचे दुकान असो, दवाखाना असो की शाळा असो, त्यांची भरभराट अखेर सोयाबीन, तूर, मूग, उडीद आणि कापूस यांच्या उतारावर ठरते. यास्तव या मातीचा जमाखर्च काय आहे, तिच्यात काय पडते व तिच्यातून काय जाते, हे शहरवासीयांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. पिकाला मुख्यतः तीन अन्नद्रव्ये मोठ्या प्रमाणात लागतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. हे तिन्ही पदार्थ पोत्यात भरून येतात खरे, परंतु त्यांची माहेरे निरनिराळी आहेत. नत्र येते हवेतून. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रच असला, तरी वनस्पतीला ते हवेतून सरळ घेता येत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्राचा हायड्रोजनशी संयोग करून अमोनिया बनवून दाखविला. कार्ल बॉश यांनी ही कृती कारखान्यात आणली आणि १९१३ साली ओपाऊ येथे असा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचे अन्न या एका शोधावर अवलंबून आहे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पण या कामाला लागणारा हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यासाठी दाब व उष्णताही प्रचंड लागते. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा सुमारे दोन टक्के भाग एकट्या अमोनियापायी खर्ची पडतो. म्हणजे युरियाचे पोते हे एका अर्थी गोठविलेला इंधनवायूच होय.

स्फुरद येते खडकातून. असा चांगला खडक आपल्या देशात थोडा, म्हणून तो किंवा त्यापासून बनविलेले आम्ल मोरोक्कोसारख्या देशांतून आणावे लागते. पालाश हे जमिनीखालच्या क्षारांच्या थरांतून निघते आणि कॅनडा, रशिया अशा दूरच्या देशांतून बोटीने येते. युरियासाठी लागणाऱ्या वायूचाही बराच भाग परदेशांतूनच येतो. यावरून मोंढ्यातील टंचाईचे मूळ कधी कधी सात समुद्रांपलीकडे का असते, हे ध्यानात येईल. शिवाय ४५ किलोच्या युरियाच्या पोत्याला शेतकरी सुमारे २६६ रुपये देतो. प्रत्यक्ष खर्च याच्या कितीतरी पट असून तो फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करांतून, भरला जातो.

खत कारखानदारीने या बाबतीत काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या राज्यातील मोठे उदाहरण मुंबईजवळच्या तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, कारखान्याचे. तेथे १९६५ साली उत्पादन सुरू झाले. १९७८ पासून हा कारखाना राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीकडे आहे. अलिबागजवळ थळ येथेही तिचा मोठा कारखाना आहे. ट्रॉम्बेला मुंबई शहराचे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यासाठी वापरण्याची सोय केलेली आहे, त्यामुळे तितके पिण्याचे पाणी वाचते. स्फुरदाचे आम्ल बनविताना जिप्समचे ढीग साचतात, त्यापासून घरबांधणीचे तयार फलक करण्याचा उद्योगही तेथे झाला. सर्व देशी युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप देणे २०१५ साली सक्तीचे झाले. या लेपामुळे जमिनीत नत्राचे रूपांतर सावकाश होते आणि युरिया शेतीबाहेरच्या धंद्यांकडे वळविणेही कठीण जाते.

परंतु कारखान्यात काटकसरीने केलेले नत्र शेतात उधळले गेले, तर ती काटकसर काय कामाची? खरी गळती येथेच आहे. आपली काळी जमीन बहुधा चुनखडीयुक्त व विम्लधर्मी. अशा जमिनीवर युरिया नुसता फोकून दिला, तर त्याचा अमोनिया होऊन पुष्कळसा भाग हवेत उडून जातो. मोठा पाऊस झाला, की काही भाग पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. ही मर्यादा ओलांडलेले पाणी तान्ह्या मुलांना विशेष अपायकारक असते. शेतात पाणी साचून राहिले, तर आणखी काही नत्र नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने निघून जाते. वातावरण तापविण्याच्या कामी हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. तात्पर्य, दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या मुखी जाते ते साधारण ३० ते ४० टक्के. स्फुरदाची तऱ्हा निराळी. ते उडत नाही की वाहत नाही, पण चुन्याशी बांधले जाऊन जमिनीतच अडकून पडते. घरात दाणा आहे, पण कोठाराची किल्ली हरवली आहे, असा हा प्रकार.

उपाय काही अद्भुत नाहीत. खत बियाण्याच्या ओळीत, बियाण्याच्या किंचित खाली व बाजूला पडावे, यासाठी दोन चाड्यांची पाभर वापरावी. युरिया एकदम न देता ज्या पिकाला तो लागतो त्याला हप्त्याने द्यावा आणि कोळप्याने मातीआड करावा. माती तपासून मगच मात्रा ठरवावी. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या योजनेचा हेतू हाच होता, पण पत्रिका पेटीत आणि खत शेजाऱ्याचे पाहून, असे झाले तर त्या कागदाचा काय उपयोग?

आपल्या भागातील मुख्य पीक जे सोयाबीन, त्याचाच हिशोब मांडून पाहू. या पिकाला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश देण्याची शिफारस आहे. एकराला हे प्रमाण १२, २४ व १२ किलो पडते. डीएपीच्या एका ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. त्याच्या जोडीला ६-७ किलो युरिया व २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिले, की एकराची गरज भागली. डीएपी मिळाले नाही, तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती, २६ किलो युरिया आणि तेच २० किलो पोटॅश यांतून तेवढीच अन्नद्रव्ये मिळतात. वर सुपर फॉस्फेटमधून सुमारे १६ किलो गंधक पडते ते निराळेच, आणि गळिताच्या पिकाला गंधक हवेच असते. शिवाय सोयाबीन हे शेंगवर्गीय पीक. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र फुकट बांधून देतात. बियाण्याला रायझोबियमचे संवर्धन चोळले, तर या कामाला जोर येतो. अशा पिकाला पुढे युरियाची आणखी पोती देणे म्हणजे घरी गाय असता दूध विकत आणणे होय. उलट फुकटचे नत्र मिळू लागले, की या गाठी आळसावतात.

आता खर्चाची बाजू. मोंढ्यात धान्य विकले जाते असे आपण म्हणतो, वस्तुतः धान्याबरोबर मातीही विकली जात असते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. म्हणजे एका क्विंटलमध्ये ६ किलोंहून अधिक नत्र आणि जवळजवळ २ किलो पालाश येते. शंभर क्विंटलांचा एक ट्रक लातूरच्या वाटेला लागला, की त्याबरोबर सुमारे ६०० किलो नत्र व २०० किलो पालाश गावाबाहेर गेले. नुसते नत्र मोजले, तरी ते युरियाच्या २९ पोत्यांइतके भरते. यातील बरेच नत्र जिवाणूंनी हवेतून आणलेले असते, हे खरे. पण स्फुरद व पालाश हवेतून येत नाही. ते मातीतलेच.

येथे निसर्गाची एक मौज लक्षात घेण्यासारखी आहे. या मालापैकी ज्याला बाजारात खरी किंमत येते, तो भाग मातीचे जवळजवळ काहीच नेत नाही. शुद्ध तेलात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाशही नाही. ते बनलेले असते हवेतील कर्बवायू, पाणी व सूर्यप्रकाश यांपासून. साखरेचे तसेच, आणि कापसाच्या रुईचेही बव्हंशी तसेच. मातीचा ऐवज राहतो तो पेंडीत, सरकीत, उसाच्या मळीत, प्रेसमडमध्ये, पऱ्हाटीत आणि भुसकटात. याचा अर्थ असा, की तेल, साखर व रुई जगाला खुशाल विकावी आणि उरलेला भाग शेताकडे परत वळवावा. असे केल्यास व्यापारही बुडत नाही आणि मातीही कंगाल होत नाही. टिकाऊ शेतीचे सारे मर्म आम्हाला या एका गोष्टीत दिसते.

ही केवळ कल्पना नव्हे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळे, दुर्गंधी सांडपाणी उरते, त्याने ओढे-नाले बिघडल्याच्या तक्रारी साखरपट्ट्यात जुन्या आहेत. त्याच पाण्यात उसाने जमिनीतून उचललेले पालाश असते. हे पाणी आटवून जाळले, तर राखेतून पालाशाचे खत मिळते. अशा खतात १४.५ टक्के पालाश असते. २०२१ साली केंद्र सरकारने त्याला अनुदानाच्या यादीत स्थान दिले. जे पालाश आपण बोटीने आणतो, त्याचा एक अंश नांदेड-लातूरच्या साखर कारखान्यांच्या पाठीमागच्या दारातून वाहून जात होता, असे म्हटले तरी चालेल.

शेतातील काडीकचऱ्याविषयीही शहाणपण आपल्याकडे होतेच. १९३१ साली अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथील प्रयोगांवर शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचा ग्रंथ लिहिला. तेथील जमीनही आपल्यासारखीच काळी. पुढे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत बसविली. तिचे नावच त्यांच्या आद्याक्षरांवरून पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे, भिंतींना भोके ठेवलेले टाके बांधावयाचे. त्यात काडीकचरा, थोडेसे शेण व चाळलेली माती यांचे थर देऊन ते भिजवावयाचे आणि वरून लिंपावयाचे. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते. यास शेण लागते अवघे शंभर किलोंच्या आसपास. गोठा ओस पडत चाललेल्या आजच्या शेतकऱ्याला हे विशेष उपयोगी. पऱ्हाटी व भुसकट पेटवून देणाऱ्याने मात्र नत्र व कर्ब धुरावाटे घालविला, एवढेच समजावे.

येथे कोणी विचारील, मग पोत्यातील खत सोडूनच का देऊ नये? त्याचेही उत्तर हिशोबातच आहे. शेणखतात नत्र अर्धा टक्का. युरियाच्या एका पोत्याइतके नत्र हवे, तर चार टन शेणखत पाहिजे. एवढे शेण आज आणावयाचे कोठून? एकदम पोते बंद केले, तर उतारा घटेल आणि महागाईची झळ गरिबाच्या ताटाला लागेल. परंतु शेणखताचे मोल केवळ नत्रावर करणेही चूक. त्यातील सेंद्रिय कर्बामुळे माती भुसभुशीत राहते, पावसाचे पाणी धरते आणि बांधले गेलेले स्फुरद मोकळे होण्यास मदत होते. ज्या मराठवाड्यात पाऊस मध्येच तीन-तीन आठवडे दडी मारतो, तेथे ओल धरणारी माती हाच पिकाचा खरा विमा. पोते पिकाला जेवू घालते, कुजलेले खत मातीला जगविते. दोघांची कामे वेगळी आहेत.

शेवटी शहराकडे वळू. तूर, मूग, ज्वारी आणि भाजी ही शहरात येतात आणि येथेच राहतात. त्यांच्याबरोबर आलेले मातीचे धन गटारात व कचऱ्याच्या ढिगात जाते. २०११ च्या जनगणनेत देगलूरची वस्ती ५० हजारांहून अधिक होती. माणशी ३०० ग्रॅम कचरा धरला आणि त्यातील निम्मा ओला मानला, तर रोज सात टनांहून अधिक ओला कचरा निघतो. तो कुजून दीड टन खत झाले, तर त्यात खत नियमांच्या किमान प्रमाणानेही १२ किलो नत्र असेल. वर्षाचे हे नत्र युरियाच्या २०० हून अधिक पोत्यांइतके. तालुक्याच्या गरजेपुढे ही भरती लहान आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याबरोबर वर्षाला पाचशे टनांवर कुजलेले खत मातीला मिळेल, आणि तसा कर्ब कोणत्याही पोत्यात विकत मिळत नाही.

शहरी खतासाठी महाराष्ट्र शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही मुद्राही काढली आहे. अडते ते एकाच ठिकाणी. खतात काचेचा तुकडा व प्लॅस्टिकची पिशवी निघाली, की शेतकरी ते पुन्हा शेतात घेत नाही. अनवाणी पायांनी निंदणी करणाऱ्या बाईने ते का घ्यावे? ही काच नगरपालिकेच्या गाडीत पडते ती आपल्याच घरातून. स्वयंपाकघरातला कचरा वेगळ्या डब्यात ठेवणे हे फार लहान काम आहे, त्याला अनुदान लागत नाही की परवाना लागत नाही. ज्या मातीचे आपण वर्षानुवर्षे खात आलो, तिच्या खात्यावर शहराने निदान एवढी तरी रक्कम जमा करावी, अशी आमची विनंती आहे.