वल्हं पाण्याबाहेर असताना

पहिले दोन आठवडे मला नदी फक्त जेट्टीवरून बघायला मिळाली. क्लबच्या शेडमध्ये रोइंगचं मशीन आहे, सगळे त्याला ‘एर्ग’ म्हणतात. मी नावेकडे वळले की सर म्हणायचे, “ताई, आधी इथे. मशीन चूक पोटात घालतं, नाव नाही घालत.” मी सेहेचाळीस वर्षांची. प्रवेशाची अट एकच होती: अंगावर कपडे असताना पन्नास मीटर पोहून दाखवायचं आणि दोन मिनिटं जागच्या जागी तरंगायचं. तेवढं मला जमलं. बाकी सगळं शून्यातून शिकायचं होतं.

बघणाऱ्याला वाटतं, वल्हवणं म्हणजे दंडाचं काम. खरं काम मांड्यांचं असतं. आसन चाकांवर पुढे-मागे सरकतं, पावलं समोरच्या फळीवर बांधलेली असतात. गुडघे छातीशी घेऊन बसायचं, वल्हं पाण्यात रोवायचं, पायांनी फळी दाबायची. पाय सरळ होत आले की पाठ मागे झुकते आणि सगळ्यात शेवटी कोपरं वाकतात. परत येताना उलटा क्रम. पाय, पाठ, हात. हात, पाठ, पाय. सर हे आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेत आणि मी घरी पोळ्या लाटतानासुद्धा ते पुटपुटत असे. हे सरकतं आसन रुळलं १८७० च्या दशकात. त्याआधी पक्क्या फळीवर बसणारे काही खेळाडू चामड्याच्या विजारीला चरबी फासून घसरत, कारण पायांची ताकद त्यांनाही हवीच होती.

तिसऱ्या आठवड्यात नाव मिळाली. स्पर्धेतली एकट्याची नाव, म्हणजे सिंगल स्कल, सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते, पाण्याशी जेमतेम फूटभर रुंद, आणि नियमानुसार तिचं वजन किमान १४ किलो लागतं. दोन छोट्या मोटारी एकामागे एक उभ्या कराव्यात एवढी लांबी, आणि वजन घरच्या सिलिंडरमधल्या गॅसएवढं. नवशिक्याला याहून रुंद, जड फायबरची नाव देतात, तरी पहिल्यांदा बसताना पोटात गोळा येतोच. तळाचं कवच इतकं पातळ की त्यावर पाऊल ठेवलं तर आरपार जाईल. म्हणून ठरलेल्या पट्टीवरच पाय द्यायचा, एका हाताने दोन्ही वल्ह्यांच्या मुठी एकत्र धरायच्या, मग अलगद बसायचं.

त्या मुठी सुटता कामा नयेत, हा पहिला नियम. प्रत्येक वल्हं तीन मीटरला थोडंच कमी. दोन्ही पाण्यावर पसरलेली असतात तेव्हा दोरावर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातातल्या काठीचं काम ती करतात. मुठी एका पातळीत असतील तर नाव खडकासारखी स्थिर राहते. एक मूठ सुटली की नाव कलंडायला दुसरं कारण लागत नाही. माझी कलंडली ती अशीच. चेहऱ्यावरची माशी हाकलायला मी एक हात उचलला आणि पुढच्या क्षणी पाण्यात होते. उलटण्याचा सराव आधी करून घेतला होता, म्हणून टाचा आपोआप बुटांतून निसटल्या. ते बूट नावेलाच जोडलेले असतात, आणि टाचेला बांधलेली दोरी अशा वेळी पाय मोकळे करते. नाव बुडत नाही, आत हवेचे बंद कप्पे असतात. नावेला धरून राहायचं, काठ कितीही जवळ वाटला तरी तिला सोडून पोहायला निघायचं नाही.

दोन वल्ह्यांच्या मुठी ओढताना मध्यावर एकमेकींवरून जातात. डावा हात किंचित वर, उजवा त्याच्या खाली. त्यासाठी डावीकडचं वल्हं अडकवायची जागाही साधारण एक सेंटिमीटर उंच बसवलेली असते. हे वाचायला सोपं आहे. महिनाभर माझ्या डाव्या हाताची नखं उजव्याच्या बोटांच्या पेरांवर घासत होती. कातडी निघायची, खपली धरायची, पुन्हा निघायची. नखं अगदी बारीक कापा, ही माझी नवशिक्यांना पहिली सूचना. दुसरी, सैल कुर्ता नको. त्याचं टोक आसनाच्या चाकात अडकतं. हातमोजे घालू नयेत. मूठ बोटांना कळावी लागते, फोड येऊन कातडी घट्ट होईपर्यंत सोसायचं.

ओढून झालं की मनगट वळवून पातं आडवं करायचं, म्हणजे ते पाण्यावरून वारा कापत जातं. पुन्हा रोवायच्या आधी उभं करायचं. त्यात चूक झाली आणि पातं तिरकं शिरलं, तर ते खोल खेचलं जातं आणि मूठ सरळ बरगड्यांवर येते. याला ‘क्रॅब’ म्हणतात, खेकड्याने वल्हं पकडावं तसंच वाटतं ते.

हे सगळं हाताला वळण लागलं तरी माझी नाव चालत नव्हती. मी जीव खाऊन ओढत होते, घाम निथळत होता आणि शेजारून चौदा वर्षांची एक मुलगी संथपणे पुढे निघून जायची. सरांनी मला थांबवून विचारलं, “नाव सगळ्यात जोरात कधी पळते, ताई?” मी म्हटलं, ओढताना. ते म्हणाले, “वल्हं पाण्याबाहेर असताना.”

हे अक्षरशः खरं आहे. नावेपेक्षा माझं वजन कितीतरी जास्त. वल्हं बाहेर काढून मी पावलांच्या दिशेने, म्हणजे नावेच्या मागच्या टोकाकडे सरकते, तेव्हा ती हलकी नाव माझ्याखालून पुढे निसटते आणि तिचा वेग वाढतो. मी घाईने सरकले तर शेवटी माझं सगळं वजन पावलांवर आदळतं आणि नाव मागे ढकलली जाते. प्रत्येक ओढीत कमावलेला वेग मी स्वतःच्याच पायांनी मारत होते. मग उपाय सुरू झाला: मिनिटाला फक्त अठरा वल्ही, ओढायला एक मात्रा, परतायला दोन. शर्यतीत हाच आकडा पस्तिशीच्या घरात जातो, पण तिथेही परतीचं सरकणं हळुवारच ठेवायची धडपड असते. “पाणी ओढू नका,” सर सांगत. “वल्हं पाण्यात खुंटीसारखं रोवा आणि नाव त्याच्यापुढे ढकला.”

आमच्या पुण्यात हा खेळ रुजला याचं श्रेय एका बंधाऱ्याला आहे. बंडगार्डनचा बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून, १८५० च्या सुमारास, लोकांना पाणी मिळावं म्हणून झाला. त्याच्यामागे मुळा-मुठेचं पाणी तुंबलं आणि वल्हवण्याजोगा शांत पट्टा तयार झाला. १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब याच काठावर आला. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांची रेगाटा, म्हणजे नावांचा उत्सव, १९२८ पासून चालत आलेली. मशाली घेऊन रांगेत येणाऱ्या नावा पाहायला आजही काठावर गर्दी होते. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये लष्कराचं रोइंग केंद्र आहे. भारतातल्या या खेळाचा भार मुख्यतः लष्करानेच वाहिला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रोइंगमधलं भारताचं पहिलं सुवर्ण मिळवणारे बजरंगलाल ताखर सैनिकच होते.

आणि दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं गाव, दुष्काळाच्या टापूतलं. वडिलांबरोबर विहिरी खणायचं काम त्यांनी केलं होतं. २०१२ मध्ये ते सैन्यात गेले आणि वल्हं हाती आलं तेही तिथेच, म्हणजे विशीत. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत ते तेरावे आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत सुवर्ण. पाणी शोधायला जमीन खणणारा माणूस पाण्यावरच्या खेळात आशियात पहिला येतो, ही गोष्ट आमच्या क्लबमधल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतात. मला ती कितीही वेळा ऐकली तरी भरून येतं.

म्हणूनच नदीकडे बघून राग येतो. काही दिवस वास इतका असतो की तोंड घट्ट मिटून वल्हवावं लागतं. उन्हाळ्यात जलपर्णी पसरते, नावेच्या पोटाखालच्या छोट्या पंखात अडकते, पात्याला लोंबते. मग काठावर येऊन हाताने सोडवत बसायचं. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की सगळं बंद. शंभराहून जास्त वर्षं लोक जिथे वल्हवत आले, ते पाणी मुलांना हात घालण्यालायक ठेवणं आपल्याला जमलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. धुणं-भांडी करणाऱ्या बायकांच्या वस्त्या याच काठावर आहेत. त्यांची मुलं रोज या नावा बघतात. त्यांच्यासाठी एखादी जुनी नाव आणि सकाळचा एक तास राखून ठेवायला हवा, असं मी क्लबात बोलत असते.

पाचव्या महिन्यातली, डिसेंबरमधली एक सकाळ. धुकं एवढं की पलीकडचा पूल दिसत नव्हता. आपण पाठमोरे बसतो, त्यामुळे जिथून आलो तेच दिसतं: पाण्यावर वल्ह्यांनी सोडलेल्या भोवऱ्यांच्या जोड्या. मी मोजत परतत होते, एक ओढायला, दोन परतायला. भोवऱ्यांतलं अंतर वाढत चाललं होतं. सातव्या-आठव्या वल्ह्याला बुडाखालून आवाज यायला लागला, चुलीवर आधण येताना भांड्याच्या तळातून येतो तसा, बारीक बुडबुड्यांचा. दोन्ही पाती पाण्याबाहेर होती, मी काहीच करत नव्हते आणि नाव पळत होती. अकराव्याला डावं पातं पाण्याला लागलं आणि आवाज थांबला.

काठावर आल्यावर नाव स्वच्छ पाण्याने धुतली, आसनाच्या रुळांवरचं काळं वंगण फडक्याने पुसलं. सरांनी विचारलं, “ऐकू आला का?” मी हो म्हटलं. “किती वेळ?” “चार वल्ही.” त्यांनी वहीत आमच्या वेळा लिहितात तिथे, माझ्या नावापुढे, चारचा आकडा लिहिला.