दिवा विझला म्हणजे दोष गेला काय?

तर्कशास्त्र हें पंडितांच्या सभेंत वाद घालण्यापुरतेंच उपयोगी असतें, असा समज आमच्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींतही रूढ आहे. आम्हीं स्वतः लहानपणीं तर्कसंग्रह घोकला तो गुरुजींच्या धाकानें. पुढें पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना त्यांतील घट, पट, धूम आणि वह्नि यांचा सहवास नित्याचा झाला. परंतु त्यांचा खरा उपयोग आम्हांस कळला तो २०२३ सालच्या ऑक्टोबरांत, आणि तोही कॅलिफोर्नियांतील सॅन होजे गांवीं, चिरंजीवांच्या मोटारीखालीं वाकून पाहतांना.

त्याचें असें झालें. चिरंजीवांची गाडी २०११ सालची, दुसऱ्याकडून घेतलेली. एके दिवशीं सकाळीं तिच्या दर्शनी फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो विझेना. गाडी तर नीट चाले. आवाज नाहीं, धूर नाहीं, पेट्रोलही जास्त खाईना. आपल्याकडे अशा दिव्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नसतें. परंतु त्या राज्यांत जुन्या पेट्रोलगाडीस दर दोन वर्षांनीं धूरपरीक्षेचा दाखला लागतो. हा दिवा लागलेला असला तर दाखला नाहीं, आणि दाखल्यावांचून नोंदणीचें नूतनीकरण नाहीं. मुदत उरली होती बावीस दिवसांची. घरांत गाडी एकच. चिरंजीवांची कचेरी, सूनबाईंचें रुग्णालय आणि नातीची शाळा हीं तिन्ही तिच्यावर अवलंबून. जवळच्या एका दुकानांत यंत्र लावून पाहिलें तेव्हां "पी ०४४२" असा अंक निघाला. तो पाहतांच दुकानदारानें कोळशाचा डबा आणि दोन झडपा बदलण्याचा नऊशें डॉलरांचा अंदाज लिहून दिला.

मोटारींत कोळशाचा डबा कशाला, असें वाचकांस वाटेल, आम्हांसही वाटलें. पेट्रोल हा मोठा चंचल पदार्थ आहे. गाडी उन्हांत नुसती उभी असली तरी टांकींतील पेट्रोलाची वाफ होते, ती फुगते आणि बाहेर पडूं पाहते. रात्रीं टांकी थंड झाली म्हणजे बाहेरची हवा आंत ओढली जाते. टांकी अशी दिवसरात्र श्वासोच्छ्वास करीत असते. जुन्या गाड्यांत हा उच्छ्वास सरळ हवेंत जाई. लॉस एंजेलिस शहरावर १९४३ सालच्या जुलईंत डोळे झोंबविणारें धुकें उतरलें, आणि पुढें तें वरचेवर येऊं लागलें. त्याचें कारण शोधून काढलें आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानें. हे गृहस्थ तोंवर अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करीत बसले होते! पेट्रोलाची वाफ आणि मोटारींच्या धुरांतील नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडलें म्हणजे ओझोन वायु तयार होतो, हें त्यांनीं १९५० च्या सुमारास दाखवून दिलें. त्यानंतर कॅलिफोर्नियानें १९७० सालापासून आणि सबंध अमेरिकेनें १९७१ सालापासून नव्या गाड्यांच्या टांकीचा हा उच्छ्वास कोंडण्याची सक्ती केली.

तो कोंडला जातो या डब्यांत. डब्यांतील कोळसा चुलींतला नव्हे. त्यावर संस्कार करून त्यांत इतकीं सूक्ष्म छिद्रें पाडलेलीं असतात कीं, एका ग्रॅमांतील पृष्ठभाग हजार चौरस मीटरांहूनही अधिक भरतो. टांकींतील वाफ नळीनें येऊन या कोळशास चिकटून राहते. इंजिन तापून चालूं लागलें म्हणजे त्याच्या बाजूची झडप उघडते, इंजिनाच्या ओढीनें ताजी हवा दुसऱ्या एका झडपेंतून डब्यांत शिरते, आणि अडकलेली वाफ सोडवून इंजिनांत नेते. तेथें ती जळून कामीं येते. पहिली झडप एरवी बंद आणि दुसरी एरवी उघडी, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व उलगडा होतो.

कारण गाडी आपली परीक्षा स्वतःच घेते. अमेरिकेंत १९९६ सालापासूनच्या गाड्यांस हें बंधनकारक आहे. गाडींतील संगणक बाहेरच्या हवेची झडप मिटतो, इंजिनाची उघडतो, टांकींत किंचित् निर्वात उत्पन्न करतो, मग तीही मिटून स्वस्थ पाहत बसतो. निर्वात टिकला तर मार्ग निर्दोष. ओसरला तर कोठेंतरी गळती. (कांहीं गाड्यांत हेंच काम एक लहानसा पंप गाडी बंद केल्यावर कांहीं तासांनीं करतो. मध्यरात्रीं रिकाम्या गाडींतून येणारी ती गुणगुण ऐकून शेजारच्या एका आजीबाईंनीं भुताची शंका घेतली होती.)

आतां "०४४२" या अंकाचा अर्थ पाहा. या बाष्पमार्गांत सुमारें एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राइतकी गळती आहे, एवढेंच तो सांगतो. कोठें, तें सांगत नाहीं. "०४५५" म्हणजे मोठी गळती. "०४५६" म्हणजे अर्ध्या मिलिमीटराची. झांकणापासून झडपेपर्यंत कोठेंही छिद्र असलें तरी अंक तोच. ज्याची व्याप्ति इतकी सैल, त्या हेतूवरून "डबाच बिघडला" असें अनुमान काढणें हा नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार हेत्वाभास झाला. आम्ही तसें बोललों. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तें त्या दुकानदाराला सांगा!"

तथापि त्यांनीं नऊशें डॉलर दिले नाहींत. पेट्रोलाच्या टांकीचें झांकण सैल असणें किंवा त्याची रबरी कडी तडकणें हें अशा गळतीचें अगदीं नेहमींचें कारण असतें. म्हणून नवें झांकण आणिलें, हातांतल्या लहान यंत्रानें अंक पुसून टाकिला, आणि दिवा विझला. घरांत आनंदीआनंद. सूनबाईंनीं त्या दिवशीं शिराही केला. सहा दिवस दिवा लागला नाहीं. सातव्या दिवशीं पुनः लागला.

येथें आमच्या एका जुन्या संवयीचा उपयोग झाला. शाळेंतल्याप्रमाणें आम्हीं एका वहींत रोजची नोंद ठेविली होती: गाडी केव्हां निघाली, रात्रभर उभी होती कीं नाहीं, टांकी किती भरलेली. ती चाळतां असें दिसलें कीं, अंक पुसल्यानंतरचे चार दिवस टांकी कांठोकांठ भरलेली होती. आणि ही स्वयंपरीक्षा टांकी फार भरलेली किंवा फार रिकामी असतां होतच नाहीं; बहुतेक गाड्यांत ती सुमारें १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्यें असावी लागते, इंजिन थंड असतांना निघावें लागतें, हवाही फार तप्त वा फार गार चालत नाहीं. त्यांतही एकदां दोष सांपडून भागत नाहीं. दोन फेऱ्यांत लागोपाठ सांपडला तरच दिवा लागतो. तेव्हां ते सहा दिवस दोष नव्हता असें नाहीं, तर परीक्षाच झाली नव्हती. भूतलावर घट नाहीं हें नुसत्या न दिसण्यानें सिद्ध होत नाहीं. असता तर दिसलाच असता, इतका उजेड आधीं असावा लागतो. यालाच योग्यानुपलब्धि म्हणतात. आम्हीं ती शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतली, आणि स्वतः शिरा खाऊन बसलों!

शिवाय परीक्षेच्या आदल्या रात्रीं अंक पुसून दाखला मिळविण्याची युक्तिही तेथें चालत नाहीं. अंक पुसला कीं गाडीच्या साऱ्याच स्वयंपरीक्षा कोऱ्या होतात. २००० सालानंतरच्या पेट्रोलगाडीची या बाष्पमार्गाची परीक्षा अपुरी असलेली परीक्षक चालवून घेतात, इतर नव्हे. आणि २०१० पासूनच्या गाड्यांत अंकाची एक न पुसली जाणारी प्रत राहते. २०१९ च्या जुलईपासून तीही तपासली जाते.

अकरा दिवस उरले असतां एका वृद्ध मेक्सिकन कारागिराकडे गेलों. त्यानें आधीं कांहींच बदललें नाहीं. इंजिनाजवळची झडप काढून तोंडानें फुंकून पाहिली, वारा जाईना. तिला विजेच्या तारा जोडतांच टक् असा आवाज झाला आणि वारा गेला. म्हणजे ती निर्दोष. मग त्यानें विचारलें, पंप आपोआप थांबल्यावरही तुम्ही पेट्रोल भरतां काय? चिरंजीवांनीं आमच्याकडे पाहिलें. पंप थांबला तरी आंकडा पुरा होईपर्यंत नळी दाबीत राहावें, ही पुण्याची संवय आम्हींच त्यांस लाविली होती. असें जास्तीचें पेट्रोल वाफेच्या नळींतून थेट डब्यांत उतरतें, आणि भिजलेला कोळसा कायमचा निकामी होऊं शकतो. कारागिरानें डबा हलवून पाहिला, हुंगला. सुदैवानें कोरडा होता. त्या क्षणापर्यंत आम्ही मनांतल्या मनांत नऊशें डॉलरांचे रुपये करीत होतों.

मग त्यानें धूर सोडला. तेल तापवून केलेला हा पांढरा धूर नायट्रोजनबरोबर अगदीं हलक्या दाबानें नळ्यांत घालतात; दाब सुमारें तेराचौदा इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका. साध्या हवेच्या पंपानें हें काम करूं नये; टांकी फुटेल, आणि पेट्रोलवाफेंत हवा कोंडणें हा आगीशींच खेळ. हवेची झडप मिटून पांच मिनिटें वाट पाहिली. झांकणापाशीं कांहीं नाहीं. टांकीच्या माथ्यावर कांहीं नाहीं. मग डब्याकडे वळणाऱ्या रबरी नळीच्या कोपऱ्यांतून उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. सर्व नैयायिक पर्वतावर धूर पाहून अग्नि शोधतात. येथें धुरानें भोंक दाखविलें.

नळी हातभरसुद्धां नव्हती. किंमत अकरा डॉलर. धुराच्या तपासणीचे आणि मजुरीचे मिळून दोनशें झाले. तथापि कारागिरानें दाखल्याकरितां जाऊं दिलें नाहीं. ती नळी बसविल्यावर पुनः धूर सोडून रेघ येत नाहीं हें पाहिलें, आणि अन्वयाबरोबर व्यतिरेकही पुरा केला. पुढें टांकी अर्धीच ठेवा, रोज सकाळीं थंड इंजिनानें निघा, आणि गाडीची परीक्षा गाडीलाच पुरी करूं द्या, असें बजावलें.

आपल्या देशांत २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम लागू आहेत, आणि आपल्या पेट्रोलगाड्यांतही असा डबा असतो. परंतु पंपावर मिळणारा पीयूसीचा दाखला धुराड्यांतून येणाऱ्या धुराचाच असतो. टांकींतून जाणारी वाफ त्या नळीस दिसत नाहीं. परत आल्यावर पुतण्याच्या गाडीजवळ दुपारीं पेट्रोलाचा वास आला, तेव्हां त्यानें दाखला पुढें केला. आम्हीं झांकण काढून पाहिलें. त्याची रबरी कडी दोन ठिकाणीं तडकलेली होती.

चिरंजीवांच्या गाडीनें आठव्या दिवशीं आपली परीक्षा पुरी केली, न पुसली जाणारी ती प्रतही आपोआप गेली, आणि मुदतीस दोन दिवस असतां दाखला मिळाला. सूनबाईंनीं शिरा केला तो दाखला हातीं पडल्यावर.