देवाचें राज्य आणि देवाची इच्छा

आमच्या शाळेचा दिवस ज्या प्रार्थनेनें सुरू होतो ती प्रभूची प्रार्थना येथील बहुतेक सर्व विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहे. ख्रिस्ती घरांतील मुलांना ती आईच्या मांडीवर मिळालेली असते; इतर मुलांना ती पहिल्या दोनतीन महिन्यांत ऐकून ऐकून येते. परंतु पाठ झालेल्या गोष्टीचा एक दोष असा कीं, जीभ पुढें जाते आणि अर्थ मागें राहतो. या प्रार्थनेंत लागोपाठ दोन मागण्या आहेत. देवाचें राज्य यावें, ही एक. आणि स्वर्गांत त्याची इच्छा जशी पूर्ण होते तशी ती पृथ्वीवरहि व्हावी, ही दुसरी. या मागण्यांचा अर्थ काय, आणि त्या करणाऱ्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही प्रार्थना नव्या करारांत दोन ठिकाणीं आढळते : मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत आणि लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत. मत्तयानें ती डोंगरावरील प्रवचनांत दिली आहे. लूकाच्या वृत्तांतांत, आम्हांला प्रार्थना करावयास शिकवा, अशी एका शिष्यानें विनंति केल्यावर प्रभूनें ती सांगितली आहे. लूकाचा पाठ आंखूड आहे. त्याच्या अतिप्राचीन हस्तलिखितांत राज्याची मागणी आहे, पण इच्छेची नाहीं. यावरून पुष्कळ अभ्यासकांनीं असें म्हटलें आहे कीं, दुसरी मागणी ही पहिलीचेंच स्पष्टीकरण होय. देवाचें राज्य येणें म्हणजे काय, असें कोणी विचारिलें तर उत्तर हें कीं, देवाची इच्छा जेथें पाळली जाते तेथें तें आलें.

‘राज्य’ हा शब्द ऐकतांच आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढें किल्ले, सरहद्द, सेना आणि वसूल हीं उभीं राहतात. मूळ ग्रीक शब्दाचा मुख्य अर्थ मुलूख असा नसून राजेपण, सत्ता चालणें, असा आहे. आपल्या भाषेंत यासाठीं एक जुना व नेमका शब्द आहे. तो म्हणजे ‘अंमल’. एखादा परगणा कागदोपत्रीं राजाचा असे, पण तेथें त्याचा अंमल बसलेला नसे. रयत हुकूम मानीत नसे व ठाणेदार आपल्याच मर्जीनें वागत. जगाची स्थिति ख्रिस्ती धर्माच्या मतें कांहींशी अशीच आहे. सर्व पृथ्वी देवाचीच आहे, यांत वाद नाहीं. परंतु तिच्यावर त्याचा अंमल सर्वत्र बसलेला नाहीं. तो बसावा, एवढीच या मागणीची धांव आहे.

हा अंमल तरवारीनें बसत नाहीं, हेंहि प्रभूनें स्पष्ट केलें आहे. पिलातापुढें उभें असतां त्यानें आपलें राज्य या जगांतील राज्यांसारखें नसल्याचें सांगितलें, आणि दृष्टांत देतांना मोहरीचा दाणा व पिठांतील खमीर हीं उदाहरणें घेतलीं. दोन्हींचें काम आवाज न करतां, पण अखंड चालतें. हीच आकांक्षा यहूदी लोकांच्या ‘कद्दीश’ नांवाच्या प्राचीन अरामी प्रार्थनेंतहि आढळते. देवानें आपलें राज्य आमच्या हयातींत, लवकर स्थापावें, असें तींत मागितलेलें असतें. मृताचे आप्त शोककालीं जी प्रार्थना म्हणतात ती हीच. आणि नवल असें कीं, तींत मृत्यूचा उल्लेखहि नाहीं. दुःखानें वांकलेला मनुष्य उभा राहून देवाच्या राज्याची मागणी करितो, हें चित्र विचार करण्यासारखें आहे.

आतां इच्छेच्या मागणीकडे वळूं. येथें एक गैरसमज इतका खोल रुजला आहे कीं, तो उपटून काढणें हें आम्हां शिक्षकांचें कर्तव्यच ठरावें. घरांत मूल दगावलें कीं शेजारीपाजारी येऊन म्हणतात, ‘देवाची इच्छा!’ पीक बुडालें, नोकरी गेली, विहिरींत कोणी पडलें, तरी तेंच वाक्य. बोलणाऱ्याच्या मनांत सांत्वन करावयाचें असतें, हें आम्ही जाणतों. परंतु प्रभूनें शिकविलेल्या वाक्याचें व्याकरण तरी पाहावें. तें वाक्य विध्यर्थी आहे. जें घडलें त्याचें तें वर्णन नव्हे, जें घडावें त्याची ती याचना आहे. पृथ्वीवर जें जें घडतें तें तें देवाच्या इच्छेनेंच घडत असतें, तर ती पृथ्वीवर पूर्ण व्हावी असें मागण्यास जागाच उरली नसती. भूक लागलेला मनुष्यच भाकरी मागतो. तसेंच, देवाची इच्छा येथें पुष्कळदां मोडली जाते, हें मान्य केल्यावांचून हें मागणें करतांच येत नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. हिवतापानें माणसें मरत, तेव्हां लोक वाऱ्याला, दैवाला किंवा देवाला दोष देत. इ. स. १८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिवतापाच्या जंतूंची खूण सांपडली, आणि हा रोग डांसांमार्फत पसरतो हें पुढें सिद्ध झालें. हें कळल्यावरहि जो आपल्या दारापुढील डबकें तसेंच ठेवितो, आणि शेजाऱ्याचें मूल तापानें गेल्यावर ‘देवाची इच्छा’ म्हणतो, तो देवाच्या नांवावर स्वतःचा आळस खपवितो. डबकें बुजविणें ही देवाची इच्छा होती. ती पाळली गेली नाहीं.

आळसापेक्षांहि भयंकर गोष्ट म्हणजे अन्यायाला देवाची इच्छा म्हणणें. याचा दाखला ख्रिस्ती मंडळीच्याच इतिहासांत आहे, आणि तो आपण लपवूं नये. बार्बाडोस बेटांतील कॉड्रिंग्टन नांवाच्या उंसाच्या मळ्यांचा मालक इ. स. १७१० सालीं वारला व त्यानें ते मळे शुभवर्तमानाच्या प्रसारासाठीं स्थापिलेल्या ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ या इंग्लंडांतील संस्थेस मृत्युपत्रानें दिले. मळ्यांबरोबर तेथील गुलामहि संस्थेच्या मालकीचे झाले. कांहीं काळ तर त्यांच्या छातीवर संस्थेच्या नांवाचा डाग देण्यांत येत असे. ज्यांच्या नांवें हें चालत होतें ते लोक प्रभूची प्रार्थना म्हणतच होते! देवाचें राज्य यावें असें मुखानें म्हणावयाचें आणि माणसांना तापल्या लोखंडानें डागावयाचें, अशी ही विसंगति एक शतकाहून अधिक काळ चालली. ब्रिटिश पार्लमेंटानें इ. स. १८३३ सालीं कायदा केला व तो पुढील वर्षीं अमलांत आला, तेव्हां कोठें गुलामगिरी नाहींशी होऊं लागली. इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेनें या पापांतील आपल्या सहभागाबद्दल इ. स. २००६ सालीं क्षमा मागितली. त्याच प्रार्थनेंत पुढें अपराधांच्या क्षमेची मागणी आहे, ती उगीच नव्हे.

येथें कोणी विचारील कीं, मग देवाच्या इच्छेपुढें मान लववावयाची वेळ मनुष्यावर कधींच येत नाहीं काय? येते, आणि ती प्रत्यक्ष प्रभूवरहि आली. गेथशेमाने बागेंत, धरला जाण्याच्या रात्रीं, त्यानें पित्याजवळ मागितलें कीं, शक्य असल्यास हा दुःखाचा प्याला टळावा. तरी आपल्या इच्छेप्रमाणें नव्हे, पित्याच्या इच्छेप्रमाणें व्हावें. मत्तयाच्या ग्रीक ग्रंथांत या ठिकाणीं आलेले शब्द त्यानें शिष्यांना शिकविलेल्या मागणीचेच आहेत. जें त्यानें इतरांना शिकविलें तें त्यानें रक्त गोठविणाऱ्या रात्रीं स्वतः म्हटलें.

या प्रसंगांतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, प्रभूनें आपली स्वतःची इच्छा दडवून ठेविली नाहीं. प्याला नको, हें त्यानें मोकळेपणानें सांगितलें. म्हणून आजारी आई बरी व्हावी किंवा परीक्षेंत यश मिळावें असें मागणाऱ्या मुलानें लाजूं नये. दुसरी ही कीं, त्याच्या शरण जाण्यांत हात जोडून स्वस्थ बसणें नव्हतें; प्रार्थना संपतांच तो उठला आणि पकडावयास येणाऱ्यांना सामोरा गेला. तिसरी ही कीं, पिलाताचा अन्याय यामुळें न्याय ठरला नाहीं. पाप हें पापच राहिलें. देवानें मात्र त्या पापालाहि आपल्या प्रेमाचा पराभव करूं दिला नाहीं. अटळ दुःखांत देवावरचा विश्वास न सोडणें वेगळें, आणि टाळतां येण्याजोग्या दुःखाला देवाची मोहर लावणें वेगळें. या दोहोंमधील भेद ज्यास कळला त्यास या मागणीचें मर्म कळलें.

आपल्याच प्रांतांतील एका चरित्रांत या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांत आपले आईवडील गमावले होते. उपासमार ही देवाची इच्छा, असें म्हणून त्या स्वस्थ बसल्या असत्या तर त्यांना कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्य प्रांतांत गेल्या व अन्नाला मुकलेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनीं केडगांव येथें आश्रय दिला. तेथील मुक्ति सदनांत प्रार्थना चाले, आणि तिच्याबरोबर शेत, हातमाग व छापखानाहि चाले. पुढें त्यांच्यावर दुसरा घाला आला. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई इ. स. १९२१ सालीं वारली. हें दुःख टाळणें त्यांच्या हातीं नव्हतें. त्यांनीं तें सोसलें, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून चालविलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर पुढें नेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें भाषांतर इ. स. १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. दुष्काळापुढें त्यांनीं मान लवविली नाहीं. मृत्यूपुढें लवविली, पण हातांतील काम टाकिलें नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं याच विचाराला दुसऱ्या दिशेनें रूप दिलें. इ. स. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें इ. स. १९१७ सालीं मिशनच्या नोकरींतून मोकळें होऊन सातारा येथें एक बंधुमंडळ काढलें, आणि त्याला नांव दिलें ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा होती. दरबार हा शब्द त्यांनीं सहज निवडला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दरबार म्हटला कीं राजा मध्यभागीं आला, आणि इतर सर्वांचे मान त्याच्या पुढें सारखे झाले. दोनच वर्षांनीं, इ. स. १९१९ सालीं, टिळक निवर्तले व तें काम त्यांच्या हातून वाढावयाचें राहिलें. तरी देवाचें राज्य हें कोणत्याहि एका मिशनच्या किंवा मंडळीच्या कुंपणाएवढें नाहीं, ही त्यांची शिकवण राहिली आहे, आणि जेथें नाना धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात अशा आमच्यासारख्या शाळेला ती विशेष उपयोगाची आहे.

मग मनुष्यानें सर्व कांहीं स्वतःच केलें म्हणजे राज्य येईल काय? तसेंहि नाहीं. मार्टिन लूथर यांनीं इ. स. १५२९ सालीं लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरावलींत याचा सुंदर खुलासा आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, देवाचें राज्य आपण न मागतांहि येणारच. तें आपणांमध्येंहि यावें म्हणून आपण मागतों. शेतकरी पाऊस पाडूं शकत नाहीं. पण ज्यानें नांगरट केली नाहीं त्याच्या शेतांत पाऊस पडून वाहून जातो. प्रार्थना ही मनाची नांगरट आहे. ती पाऊस नव्हे, आणि पावसाची वाट पाहत बांधावर बसणेंहि नव्हे.

विद्यार्थिमित्रांना शेवटीं एकच व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. प्रभूच्या प्रार्थनेंत आरंभींच्या तीन मागण्या देवासंबंधीं आहेत : त्याचें नांव, त्याचें राज्य, त्याची इच्छा. भाकरी, क्षमा व सुटका हीं आपलीं मागणीं त्यानंतर येतात. आपण मात्र बहुधा गुणपत्रकापासून सुरुवात करितों! उद्यां सकाळीं प्रार्थना म्हणतांना ‘पृथ्वीवर’ हा शब्द आला म्हणजे क्षणभर थांबावें, आणि पृथ्वी म्हणजे आपल्यापुरती कोणती जागा, हें मनाशीं ठरवावें. ती वर्गांतील एखादी बाक असेल, जेथें गरीब म्हणून एका मुलाजवळ कोणी बसत नाहीं. वसतिगृहाचें स्वयंपाकघर असेल, जेथें काम करणाऱ्या बाईला कोणी नांवानें हांक मारीत नाहीं. किंवा आपलें घर असेल, जेथें भावाची शाळा चालू राहिली व बहिणीची सुटली. त्या एका ठिकाणीं देवाचा अंमल बसण्यास आपल्या हातून आज काय होण्यासारखें आहे, एवढें स्वतःस विचारावें, आणि मगच पुढचें वाक्य म्हणावें.