पेंढ्यात दडलेली साखर

दिवाळीनंतर रायगड जिल्ह्यातील पेण-अलिबागच्या खारेपाटातून गेलात, तर भातकापणी उरकलेली दिसते. झोडणी झाली की दाणा घरात जातो आणि पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. दाणा माणसाला आणि पेंढा गुरांना, ही आपल्याकडची जुनी वाटणी. या वाटणीमागे एक रासायनिक कारण आहे.

भाताचा घास न गिळता पुष्कळ वेळ चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागू लागेल. लाळेतील अमायलेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, भातातील पिष्टाचे तुकडे करून साखर मोकळी करते. आता पेंढ्याची काडी चावून पाहा. तासभर चावली तरी ती गोड लागणार नाही. आणि गंमत अशी, की पिष्टाप्रमाणेच पेंढ्याचा मोठा भागही ग्लुकोज या साखरेचाच बनलेला आहे!

एकच मणी, दोन माळा

ग्लुकोजचा रेणू म्हणजे एक मणी समजा. पिष्टात हे मणी अशा रीतीने जोडलेले असतात, की माळेला वेटोळे पडते. शिजवताना या वेटोळ्यांत पाणी शिरते, ती फुगतात आणि विकराला तेथे सहज पोचता येते. पेंढ्यातील सेल्युलोजमध्ये मणी तेच, पण प्रत्येक मणी आधीच्या मण्याच्या मानाने उलटा बसवलेला असतो. त्यामुळे माळ सरळसोट होते. अशा अनेक माळा एकमेकींना बिलगून घट्ट जुडगा तयार होतो. त्यात पाण्यालाही सहजासहजी शिरकाव मिळत नाही. हा जोड तोडणारे विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. म्हणून काडी गोड लागत नाही.

शिवाय काडीत सेल्युलोज एकटे नसते. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोजचे जाळे असते आणि या दोहोंना लिग्निन नावाचा चिवट पदार्थ लिंपलेला असतो. कुडाच्या भिंतीत कामट्या, त्यांना बांधणारे बंध आणि वरून मातीचे लिंपण असते, तशीच ही रचना. भाताच्या पेंढ्यात वाळूतील सिलिकाही भरपूर असते.

पेंढ्यातून साखर काढण्याची कल्पना नवी नाही. १८१९ साली ब्राकॉनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कापडाच्या चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून साखर मिळवली होती. पण आम्लाने भांडी झिजतात, तयार झालेली काही साखरही नासते आणि शेवटी उरलेल्या आम्लाची विल्हेवाट लावावी लागते. निसर्ग मात्र हेच काम आम्लावाचून करतो.

खाडीतले कामगार

धरमतरच्या खाडीकाठी तिवर, कांदळ, चिप्पी यांची कांदळवने आहेत. या झाडांची पाने सतत चिखलात पडत असतात. तरीही तेथे पानांचे डोंगर साठत नाहीत. काही पाने भरती-ओहोटीबरोबर वाहून जातात, काही खेकडे कुरतडतात आणि उरलेल्यांचा फडशा बुरशी व जिवाणू पाडतात. हे सूक्ष्मजीव तोंडाने खात नाहीत. ते विकरे बाहेर सोडतात, पानाचे बाहेरच पचन करतात आणि तयार झालेली साखर शोषून घेतात.

समुद्रातील लाकूड पोखरणारा टेरेडो हा प्राणी शिंपल्यांच्या कुळातला. लाकडी होड्यांचा तो मोठा शत्रू. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू लाकूड पचवणारी विकरे त्याला पुरवतात. गाईचेही तसेच आहे. पेंढा पचवणारे विकर गाय स्वतः बनवत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जिवाणू, आदिजीव आणि बुरशी हे काम करतात. ही बुरशी प्राणवायूशिवाय जगते. अशीही बुरशी असू शकते, हे १९७५ साली कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या पोटातील नमुन्यांवरून दाखवून दिले.

तंबू खाणारी बुरशी

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध बुरशी सापडली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू दमट हवेत भराभर कुजू लागले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सॉलोमन द्वीपसमूहातील बूगनव्हिल बेटावरच्या एका कुजक्या कापडातून एक बुरशी वेगळी करण्यात आली. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी अमेरिकेतील नॅटिक येथे तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पुढे १९७७ साली तिला रीस यांच्या सन्मानार्थ ट्रायकोडर्मा रीसाय असे नाव मिळाले. सैन्याला कापड वाचवायचे होते, पण त्यातून कापडाची साखर करणारे विकर हाती लागले. आज उद्योगधंद्यात वापरले जाणारे सेल्युलेज फार मोठ्या प्रमाणावर याच बुरशीच्या सुधारित जातींपासून मिळते.

सेल्युलेज हे एक विकर नसून ती एक टोळी आहे. पहिले विकर लांब माळ मध्येच कोठेतरी तोडते. त्यामुळे नवी टोके मोकळी होतात. दुसरे त्या टोकांपासून दोन-दोन मण्यांची जोडी सोडवत जाते. तिसरे त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करते. तिसऱ्याने आळस केला, तर जोड्या साचतात आणि त्या साचल्या की दुसऱ्याचे काम मंदावते. म्हणून टोळीत तिघांचे प्रमाण जमावे लागते.

काडीपासून इंधनापर्यंत

ही साखर हवी कशाला? ती यीस्टला दिली की किण्वन होऊन अल्कोहोल बनते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळून इंधन म्हणून वापरता येते. २०२५ साली भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. पण हे इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ यांपासून आले. उसाला पाणी फार लागते, तर मका आणि तांदूळ हे खाद्य आहे. पेंढ्यासाठी मात्र वेगळी जमीन किंवा वेगळे पाणी लागत नाही. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्याकडे आहे.

हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. तेथे आधी वाफ आणि सौम्य आम्ल यांच्या साहाय्याने लिंपण सैल करतात, मग विकरे घालतात आणि शेवटी यीस्ट. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना. म्हणजे टनाला १५० लिटर.

आता थोडे गणित करू. एक टन पेंढ्यात सेल्युलोज सुमारे ३६ टक्के, म्हणजे ३६० किलो धरा. तोडताना प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. त्यामुळे वजन वाढून ४०० किलो ग्लुकोज मिळते. किण्वनात ग्लुकोजच्या ५१ टक्के वजनाचे अल्कोहोल होते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. म्हणजे अल्कोहोल २०४ किलो, अर्थात सुमारे २५८ लिटर. हेमिसेल्युलोजमधील साखर तर आपण धरलीच नाही. ती झायलोज नावाची वेगळी साखर असून नेहमीचे यीस्ट तिला तोंडही लावत नाही.

२५८ आणि १५० यांतील अंतर कमी करणे, हेच संशोधकांपुढचे आव्हान आहे. काही पेंढा ओला असतो, काही सेल्युलोजपर्यंत विकर पोचत नाही, काही विकर लिग्निनला चिकटून वाया जाते. आणि विकर महाग आहे. शेणखताच्या खड्ड्यात सूक्ष्मजीव जे काम महिनोन्‌महिने करतात, ते कारखान्याला दोन-तीन दिवसांत उरकावे लागते.

महाराष्ट्रात या विषयावर काम जुने आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास पेनिसिलियम बुरशीच्या सेल्युलेजवर संशोधन झाले. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या तंत्रावर २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे दिवसाला १० टन काडीकचरा वापरणारा प्रात्यक्षिक कारखाना उभा राहिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्राणवायूशिवाय जगणाऱ्या बुरशीवर काम चालते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुजणाऱ्या कांदळाच्या लाकडातून लिग्निन फोडणारी बुरशी मिळवली. तिची विकरे खाऱ्या पाण्यातही काम करतात. कांदळवनाचा चिखल म्हणजे नुसती घाण नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. तिवरे तोडली की हा साठाही हातचा जातो.

मग रायगडातही असा कारखाना काढावा काय? उत्तर देण्यापूर्वी विचार करा. पंजाब-हरियाणात यंत्राने कापणी झाल्यावर उरलेला पेंढा शेतातच जाळला जात असे आणि त्याच्या धुराने हवा बिघडत असे. तेथे पेंढा फार. आपल्याकडे खाचरे लहान, पेंढा विखुरलेला आणि गुरांना तो लागतो. हलका पेंढा दूरवर वाहून नेण्यातही इंधन जळते! तुमच्या गावात पेंढ्याचे काय होते, किती गुरांना जातो, किती जळतो, किती कुजतो, याची पाहणी वर्गाने मिळून केली, तर खरे उत्तर तुम्हालाच सापडेल.

करून पाहा

जुन्या सुती कापडाच्या चार आणि नायलॉनच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. दोन सुती आणि एक नायलॉनची पट्टी शाळेच्या बागेत वीतभर खोल पुरा. तशाच तीन पट्ट्या खाडीकाठच्या चिखलात पुरा. खाडीवर ओहोटीच्या वेळी आणि शिक्षकांबरोबरच जा. जागेवर काठीची खूण ठेवा. दोन आठवड्यांनी प्रत्येक ठिकाणची एक सुती पट्टी काढा, उरलेल्या पट्ट्या चार आठवड्यांनी. त्या हलकेच धुऊन वाळवा. पट्टीचे एक टोक बांधून दुसऱ्याला पिशवी अडकवा आणि ती तुटेपर्यंत पिशवीत वजने घाला. कोणत्या ठिकाणची पट्टी आधी तुटली? नायलॉनचे काय झाले? आकडे वहीत लिहून ठेवा आणि हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत, की त्या बेटावरचे तंबू इतक्या भराभर का कुजले, ते तुमचे तुम्हालाच सांगता येईल.