आता पोलिओ कुठे राहिलाय?

"डॉक्टर, आता पोलिओ कुठे राहिलाय? मग डोस कशाला?" असे विचारणारे तरुण आईबाप हल्ली वारंवार भेटतात. प्रश्न रास्त आहे. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा आपल्या देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र आठवत असेल, शाळेत कुबडी टेकत येणारे एखादे तरी पोर असायचे. दोन दिवस ताप आला आणि पाय लुळा पडला, एवढीच कहाणी. लुळेपणा आल्यावर त्यावर औषध नाही, आजही नाही.

हा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाणी, न धुतलेले हात यांतून दुसऱ्या मुलाच्या पोटात जातो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीची मुले हसतीखेळती राहून तो पसरवीत असतात. म्हणजे लुळे मूल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो! पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. लसीकरण विस्कटलेल्या गाझामध्ये २०२४ साली, २५ वर्षांनंतर, दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाला.

तेव्हा जन्मल्याबरोबर पहिला डोस, मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना दोन-दोन थेंब आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बूस्टर. याखेरीज दीड व साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर दंडावर पोलिओचे इंजेक्शन असते. ते बाळ रडते म्हणून टाळू नये. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेला डोस हा जादा डोस, त्याने नियमित डोसांचा हिशेब चुकता होत नाही. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही दिसतो.

सर्दी, किरकोळ ताप, जुलाब असले तरी डोस पाजता येतो, अंगावरचे दूधही चालते. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिले तिथून पुढे चालू करता येते.

बाळंतीण माहेरी जाताना किंवा ऊसतोडीला निघताना लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे. कोणत्याही सरकारी केंद्रात लस फुकट मिळते. कार्ड हरवले असेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा, त्यांच्याकडे नोंद असते.