अ‍ॅबरिस्टविथचे अध्यासन

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन १९१९ मध्ये स्थापन झाले ते लंडनला नव्हे की पॅरिसला नव्हे, तर वेल्सच्या किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथ या छोट्या गावी. आजोबांनी कोळसा आणि रेल्वेत कमावलेल्या संपत्तीचे वारस डेव्हिड डेव्हिस पहिल्या महायुद्धात स्वतः आघाडीवर होते. त्या युद्धात मरण पावलेल्या इथल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यांनी व त्यांच्या दोन बहिणींनी २० हजार पौंड दिले. युद्धे का होतात हे नीट अभ्यासले तर ती टाळता येतील, अशी त्यामागची श्रद्धा. युद्धानंतर शांतता टिकवण्यासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रसंघावर तर डेव्हिस यांची भक्तीच होती.

१९३६ मध्ये या अध्यासनावर ई. एच. कार आले. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात वीस वर्षे काढलेल्या या माणसाचा राष्ट्रसंघाच्या सदिच्छांवर फारसा विश्वास नव्हता. डेव्हिस यांना ही नेमणूक अजिबात रुचली नाही. कार यांचे ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हे पुस्तक सप्टेंबर १९३९ मध्ये छापखान्यात मुद्रितांच्या अवस्थेत असतानाच दुसरे महायुद्ध पेटले. सत्तेचा हिशेब न मांडता नुसत्या करारांवर शांतता टिकत नाही, हा त्याचा गाभा. एम.ए.च्या वर्गात वास्तववाद शिकवताना आजही ते हमखास निघते. याच पुस्तकात हिटलरशी केलेल्या म्यूनिक कराराची पाठराखण होती आणि १९४६ च्या आवृत्तीतून ती गाळली गेली, हेही खरे तर त्याच तासाला सांगायला हवे.

भारतात या विषयासाठी १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाली. ए. अप्पादोराई तिचे पहिले संचालक. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तिथे एकेका प्रदेशाच्या अभ्यासाला मोठे स्थान मिळाले आणि जग बदलल्याची झळ नेमकी तिथेच बसली. दोन महासत्तांचे जग अधिक स्थिर असते, असे केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. बारा वर्षांत त्यांपैकी एक महासत्ता नकाशावरून गेली. विद्यापीठातील सोव्हिएत आणि पूर्व युरोप अध्ययन केंद्राच्या पाटीवर आता रशिया आणि मध्य आशिया आहे. पूर्वी या भागावर प्रबंध लिहिताना रशियन भाषेवर बरेचसे भागत असे. ताश्कंदचे परराष्ट्र धोरण मुळातून वाचायचे तर आता उझबेकही शिकावी लागते.